काचेवरचा बर्फ

सेन्सेई, हे मी मराठीत लिहिते आहे, कारण जपानीत तुमच्यावर रागवायला मला क्रियापदच सापडत नाही. प्रत्येक वाक्य आपोआप तुमच्यापुढे वाकतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. रविवारी तुमच्या पत्नींनी कोबेच्या घरी बोलावलं, चहा दिला आणि रुमालात बांधलेली जुन्या फोटोची काचेची निगेटिव्ह प्लेट पुढे केली. "घर आवरतेय. ही तुलाच द्यायला सांगितलं होतं त्यांनी," एवढंच म्हणाल्या. तोच फोटो, ज्यावर माझी पीएचडी उभी आहे: डोंगरवाट, पेंढ्याची इरली पांघरलेले प्रवासी, वरून भुरभुरणारा बर्फ. इतक्या जुन्या काळी, खऱ्या बर्फात, उघड्यावर काढलेला, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत.

तेव्हा मी पुण्याहून नुकतीच आलेली. तुमच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली. मी विचारते, "सेन्सेई, यांच्या मागे पावलं कशी उमटलेली नाहीत?" तुम्ही चष्मा काढता. "आधी बर्फात चालून ये, मग विचार." मी खुळ्यासारखी खरंच गेले, गुडघाभर बर्फ तुडवला आणि तापाने आडवी झाले. पुढे मूळ प्लेट मागितली तर म्हणालात, "मुझुकाशी देस ने." अवघड आहे. काच नाजूक असेल, कपाटातून काढणं अवघड असेल, असं समजून मी वाट बघत बसले. इथे 'अवघड आहे' म्हणजे 'नाही', हे मला नंतर घरमालकाने शिकवलं, बँकेने शिकवलं. तुम्ही नाही.

घरी येऊन प्लेट खिडकीशी धरली. छापताना कापून टाकलेल्या कडेला फळ्यांची जमीन दिसते, तिच्यावर अंथरलेला कापूस. पडणारा बर्फ म्हणजे कुंचल्याने काचेवर झटकलेले काळ्या रंगाचे शिंतोडे. काचेवर काळं ते कागदावर पांढरं. प्रवासी स्टुडिओच्या बाहेर पडलेच नव्हते. फोटोग्राफरवर माझा राग नाही, त्याचा तो धंदा होता. पण आम्हाला दाखवायची प्रत काढताना ती कड तुम्ही कापलीत, सेन्सेई. वडिलांवर ठेवला नाही एवढा विश्वास मी तुमच्यावर ठेवला होता, आणि तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, तेही स्वतः जाब द्यायला नसताना.

आज माझ्या एका विद्यार्थिनीने पावलांचं विचारलं. नेपाळची आहे, बर्फ तिला माहीत आहे. मूळ प्लेट बघता येईल का, म्हणाली. प्लेट माझ्या टेबलाच्या खणात होती.

"मुझुकाशी देस ने," मी म्हणाले.

"हरकत नाही, मॅडम," ती म्हणाली, "मी थांबते."