आईच्या उशाशी तुझा आवाज

प्रिय ताई,

कशी आहेस असं विचारत नाही, कारण तुझी तब्येत ढासळलीय हे आईने ठरवूनच टाकलंय. शेजारच्या शिंपीणकाकूंनी तू ऑडिओबुकच्या कंपनीसाठी वाचलेली कादंबरी कुठूनतरी फुकटात मिळवली आणि आईच्या मोबाईलवर घालून दिली. आता तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे दिवसभर कानाशी तूच. अंघोळ मी घालायची, गोळ्या मी द्यायच्या, आणि बोलायला तोंड उघडलं की लगेच, थांब गं, ताई वाचतेय! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला सांगू?

त्यातून तुझा आवाज ऐकू येतो चिरका, धावतपळत. पोरगी धड जेवत नसेल, म्हणून आई डोळे पुसते. परवा मी तापाने फणफणले होते, तर मला म्हणाली, जरा पड, बरं वाटेल. बस्स, एवढंच.

तू फोनवर सांगितलंस तेव्हा कुठे कळलं की चोरलेलं ओळखू येऊ नये म्हणून ते फुकट वाटणारे लोक आवाजाचा वेग वाढवून ठेवतात. पंखासुद्धा बंद करून त्या कोंदट खोलीत तू महिनोन्‌महिने वाचलंस. प्रत विकत घेणाऱ्यांच्या पैशांतच तुझा वाटा, आणि ऐकणारे सगळे फुकटे. दुसरा भाग वाचणार नाही, त्यापेक्षा शिकवण्या घेईन, म्हणालीस. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. मनात आलं, बरी जिरली.

पण आईची हळहळ काही थांबेना. तू ठणठणीत आहेस हे तिला एकदाचं पटावं, म्हणून मी खरी प्रत विकत घेतली. पलंगाजवळच्या खुर्चीवर मोबाईल लावून ठेवला आणि भांडी घासायला गेले. परत आले तर आई खुर्चीकडे तोंड करून हसत होती. म्हणाली, आज तू वाचतेयस होय गं? किती छान वाचतेस, ताईसारखी घाई नाही.

लहानपणापासून फोनवर आपल्या दोघींच्या आवाजांत सगळ्यांचा घोटाळा व्हायचा, आठवतंय? मी सांगायला हवं होतं. मी हो म्हटलं. तिने हात पुढे केला, तशी मी चटकन खुर्चीत बसले आणि त्या हाताखाली डोकं दिलं. मोबाईलवर तू वाचतच होतीस.

आता पुस्तक संपत आलंय आणि दुसरा भागही मीच वाचायचा, असा आईचा हट्ट आहे. मोरीत दार लावून चार ओळी वाचून पाहिल्या. दुसऱ्याच ओळीला अडखळले गं. काकूंनी निदान फुकट ऐकलं, मी तर तुझं कौतुकसुद्धा लाटलं. काकूंना दमात घेऊन प्रत विकत घ्यायला लावलीय, पण दोन प्रतींनी तुझं भागणार नाही, कळतं मला. या वेळी कंपनीकडून ठरलेले पैसे आधी मागून घे, वाट्याच्या भरवशावर राहू नकोस. पण वाच. आणि पहिलं प्रकरण इथे येऊन, त्या खुर्चीत बसून वाच, म्हणजे कोण वाचत होतं ते आईला माझ्यादेखत कळेल. मी भांडी घासत ऐकेन, जळत जळत.

तुझीच,
धाकटी