अखेरच्या वेळी तारेचा फोन लावण्याबाबत

मी, पद्मा नरहर सोवनी, वय ७३, राहणार तेलीबाग, लखनौ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर करते आहे आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही. घाबरलेली मात्र आहे. वकील म्हणाले ते लिहायची गरज नाही, पण खोटं कशाला लिहू?

१. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी मुलगा अनीश, मुक्काम कॅनडा, याला. पाटल्या सून अनघाला. तिने त्या मोडून दुसरं काही केलं तरी माझी हरकत नाही.

२. दीर मधुकर यांना काहीही देऊ नये. माझे यजमान गेले तेव्हा त्यांनी फोन केला नाही, मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. माझी बातमी त्यांना तशाच चित्राने कळवावी.

३. घरातला तारेचा फोन (लँडलाइन) माझ्या हयातीत बंद करू नये. अनीश म्हणतो, "आई, नेट पे फ्री है, उसका बिल क्यों भरना?" यजमानांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. ते सांगायचे, परदेशी फोन लावला की तेवढा वेळ एक वाट दोघांसाठी राखून ठेवतात आणि दोन्हीकडच्या कंपन्या मिनिटाचे पैसे घेतात, म्हणून तो महाग. नेटवर बोलण्याचे तुकडे होतात आणि ते ई-रिक्षातल्यासारखे सगळ्यांबरोबर दाटीवाटीने जातात, म्हणून स्वस्त. एखादा मागे राहिला तर राहिला.

यजमानांच्या शेवटच्या वेळी मी मोबाइल समोर धरला होता. अनीशचं चित्र मध्येच थिजलं, तोंड अर्धं उघडं. हे त्या चित्राला "बोल ना रे" म्हणत राहिले, आणि गेले. मलाही तसंच जावं लागेल, याची मला फार भीती वाटते. नेटचा दिवा लाल झाला तरी छातीत धस्स होतं.

४. म्हणून माझी वेळ आली की तारेच्या फोनवरून अनीशला लावावा, रिसीव्हर माझ्या कानाशी धरावा आणि खर्चाकडे बघू नये.

हे वाचून वकील श्रीवास्तव म्हणाले, "आंटी, वसीयत तो आपके जाने के बाद खुलेगी." माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

५. तेव्हा सगळ्यांसमोर त्याच फोनवरून अनीशला लावला आणि हे वाचायला घेतलं. तो म्हणाला, "आई, काट दो, मैं वॉट्सऐप से करता हूँ." मी वाचत राहिले. तिसऱ्या कलमानंतर त्याचं रडणं ऐकू आलं, अगदी स्वच्छ. बऱ्याच वेळाने मराठीत म्हणाला, "आई, फोन ठेवू नकोस."

मी ठेवलेला नाही. हे कलम रिसीव्हर मानेत धरून लिहिते आहे. अक्षर आणि सही वाकडी आली तरी ती माझीच समजावी.

सही: पद्मा नरहर सोवनी
साक्षीदार: दिनकर मोघे, सुचित्रा सक्सेना (दोघे शेजारी, आमच्यासमोर सही झाली)
तेलीबाग, लखनौ, १७ नोव्हेंबर २०२४