मझार कोनी शे का?

नाना, आज आखाजी. सकाळीच धुळ्याहून निघाले आणि थेट मिलवर आले. अक्षय तृतीयेच्या सणाला लेकी माहेरी येतात, आणि आई गेली, तुम्ही गेलात, घर विकलं, तेव्हा माझं माहेर म्हणजे आता जळगावचं हे पत्र्याचं शेड. बाया सुट्टीवर आहेत, मशीन बंद आहेत, डाळीच्या कोंड्याचा तो वास तेवढा जागेवर आहे. ऑफिसच्या कोपऱ्यात तुमच्या नावाने घागर भरून ठेवलीय, वर खरबूज, बाजूला आंबे. सांजोऱ्या विकतच्या आहेत. तुम्ही नाक मुरडणार हे माहीत आहे मला, मुरडा. मिल चालवायची की सांजोऱ्या तळायच्या, एक काय ते सांगा.

हो, मिल मीच चालवते. तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले, मुलगा नाही, पोरगी धुळ्याला दिलेली, विकून टाका, जागेला गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं बघू, आणि बघता बघता इतकी वर्षं झाली. पहिली काही वर्षं एसटीने हेलपाटे घालून कंबरडं मोडलं. मी इथे असले की तिथे मुलाची परीक्षा, तिथे असले की इथे मोटार जळालेली. एकदा खरंच विकायचं ठरवलंसुद्धा. मग एक माणूस आला आणि त्याने मोटारींना, पॅनेलला, वाळवणाच्या तुरीला, सगळ्याला छोट्या छोट्या डब्या लावून दिल्या. त्या नेटवरून माझ्या मोबाईलला बोलतात. तुरीत ओल किती राहिली ते मला धुळ्यात ओट्याशी कळतं. मोटार तापायला लागली की ती जळायच्या आधी मला निरोप येतो. तुम्हाला आठवतं, ऐन हंगामात मोटार जळाली होती आणि ती रिवाइंडिंगहून येईपर्यंत तुम्ही जेवला नव्हतात? तसं आता होत नाही. लाईटबिल उतरलं, डाळीचा तुकडा कमी व्हायला लागला, आणि सगळ्यात मोठं म्हणजे धुळ्यातून बटण दाबलं की जळगावची मिल सुरू व्हायला लागली. उंटावरून शेळ्या हाकते म्हणून लोक हसले. हसू देत. शेळ्या जगल्या ना.

तुम्ही हे पाहून खूश झाला असतात, याची मला खात्री आहे. पण बटणाबद्दल मी तुम्हाला सांगितलंच नसतं, याचीही खात्री आहे.

कारण बटण म्हटलं की मला तुमची हाकच आठवते. रोज सकाळी, आणि दर वेळी लाईट जाऊन आली की, तुम्ही तूर ओतायच्या खड्ड्याच्या काठावर जाता. त्या खड्ड्यातून डब्यांचा पट्टा तूर वर नेतो, आणि तूर अडकली की कोणालातरी आत उतरून ती मोकळी करावी लागते. तुम्ही वाकता, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि ओरडता, "मझार कोनी शे का?" आत कोणी आहे का? मग थांबता. कोणीतरी आत डोकावून, बघून, मोठ्याने "कोनी नही, नाना" म्हणेपर्यंत तुमचा हात स्विचकडे जात नाही. मला लहानपणी याची फार गंमत वाटायची. आत कोणी नाही तर कोणी नाही म्हणतंय कोण? चाळीसगावकडच्या पाहुण्यांसमोर मी तुमची नक्कल करायचे आणि आई पदराने तोंड झाकून हसायची. सणासुदीला घरात यायच्या आधीसुद्धा मी दाराशी वाकून तेच ओरडायचे.

मग तो सुट्टीतला दिवस. मी डबा घेऊन मिलवर आलेली. तुम्ही हाक मारलीत, आणि मी पोत्यांच्या थप्पीमागून जड आवाज काढून म्हटलं, "शे!" तुमचा चेहरा मी पाहिला नाना, आणि माझं हसू तोंडातच राहिलं. तुम्ही धावत जाऊन खड्ड्यात वाकलात, मग थप्पीमागे आलात आणि माझ्या थोबाडीत दिलीत. आयुष्यातली एकच. डबा सांडला, कळण्याच्या भाकरी कोंड्यात पडल्या. मी रडत बसले आणि तुम्ही शेजारी येऊन बसलात, भाकरीवरचा कोंडा झटकत. भाकरीकडेच बघत तुम्ही सांगितलंत. चाळीसगावला कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही कामाला होतात, तरुण होतात, स्विचवर होतात. तुम्ही हाक मारली होती. "मझार एक आबा व्हतात," तुम्ही म्हणालात. "जवाब उना नही, म्हनीसन मी दाबं." जबाब आला नाही, म्हणून मी दाबलं. त्या आबांना कमी ऐकू यायचं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "गप ऱ्हानं हाई जवाब नही, माय." गप्प राहणं हा जबाब नव्हे. त्यानंतर हा विषय तुम्ही कधीच काढला नाही आणि मीही नाही. तुमची नक्कल मात्र मी त्या दिवसापासून सोडली.

आता ऐका. गेल्या उन्हाळ्यातली दुपार. धुळ्याच्या स्वयंपाकघरात मी पीठ मळतेय, सासूबाई कैरी चिरतायत. जळगावात सकाळपासून लाईट नव्हती. मोबाईल वाजला, लाईट आली, सगळे दिवे हिरवे, मिल तयार. गाडी भरायची होती, व्यापारी सकाळपासून डोकं खात होता. कॅमेऱ्यात पाहिलं, शेड रिकामं. पिठाचा हात पुसला, अंगठा बटणावर नेला आणि माझ्या तोंडून निघालं, "मझार कोनी शे का?" मी ते म्हणणार आहे हे मलाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी वर बघून विचारलं, कोणाशी बोलतेस गं. मी थांबले होते. कोणी "कोनी नही" म्हणालं नव्हतं. म्हणणार कोण, नाना, साठ मैलांवरून मी एका काचेला विचारत होते, पण अंगठा काही केल्या खाली जाईना. मला वाटलं आपल्याला वेड लागलंय. मी अक्कांना फोन लावला.

अक्का तुम्हाला आठवतील, तुमच्या वेळेपासून मिलवर कामाला असलेल्या. आता केस पांढरे झालेत, कानांनी जरा कमी ऐकतात. फोन वाजत राहिला. आणि कॅमेऱ्यात मला दिसलं, पोत्यावर ठेवलेला त्यांचा फोन उजळतोय आणि शेजारी कोणी नाही. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो वाजत असताना खड्ड्याच्या काठावर एक हात आला. कोंड्याने पांढरा झालेला हात, त्यात हिरव्या बांगड्या. मग दुसरा हात, मग डोकं. लाईट नाही म्हणून अक्का अडकलेली तूर काढायला आत उतरल्या होत्या, आणि कॅमेरा मी लावला होता फाटकाकडे आणि मशीनकडे. खड्ड्याचा काठ तेवढा त्यात दिसायचा, आतलं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अक्कांनी पदर झटकला, फोन उचलला आणि म्हणाल्या, "काय वं माय, काबर फोन करी ऱ्हायनी?" कशासाठी फोन करतेयस. मी म्हटलं, काही नाही अक्का, सहज. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसले. परातीतलं पीठ संध्याकाळपर्यंत तसंच होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या माणसाला बोलावलं. विकून टाकावी का मिल, हे पुन्हा मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याने खड्ड्यावर एक डोळा बसवून दिला. आत माणूस असला की मोटार सुरूच होत नाही, कोणीही, कुठूनही, कितीही बटणं दाबा. आणि काठावर एक हिरवं बटण लावलं. आत बघून कोणीतरी ते दाबल्याशिवाय माझा मोबाईल काही करू शकत नाही. एवढं पुरे होतं. मला पुरलं नाही. मी म्हटलं, हाक पाहिजे. तो म्हणाला, भोंगा लावू. मी म्हटलं, भोंगा नको, हाक. माझ्या लग्नाची कॅसेट आठवते ना? लग्नाच्या सकाळीसुद्धा तुम्ही मिल सुरू करायला आला होतात, नवा फेटा बांधून, आणि शूटिंगवाला तुमच्यामागे लागला होता. त्यात तुमची हाक आहे. त्याने ती काढून स्पीकरमध्ये घातली.

पहिल्या दिवशी तो स्पीकर बोलला तेव्हा बायांच्या हातातल्या टोपल्या पडल्या. एकीने तर कामच सोडलं, मेलेला माणूस बोलावतो तिथे मी येणार नाही म्हणाली, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. अक्का मात्र उठल्या. डोक्यावर पदर घेतला, खड्ड्यात वाकून बघितलं, बटण दाबलं आणि हळूच म्हणाल्या, "कोनी नही, नाना." अजून रोज पदर घेतात. बटणाला बोललेलं कळत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. लाईट गेली आणि आली की हाक आपोआप सुरू होते, आणि बटण दाबेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने होत राहते. आठवडी सुट्टीला मिल बंद असते आणि लाईट तर जळगावची, येते जाते. मग मी धुळ्यात भाजी निवडत असते आणि मोबाईलमधून तुमचा आवाज येतो. बंद शेडमध्ये, कुलूप लावलेल्या दारांआड, तुम्ही विचारताय, मझार कोनी शे का? थांबता. पुन्हा विचारता. जबाब कोणी देत नाही आणि तुम्ही काही स्विच दाबत नाही. माझा मुलगा म्हणतो, आई, म्यूट कर ना. मला भीती वाटते नाना, मी लपवत नाही. आणि आवाज थांबला की त्याहून जास्त वाईट वाटतं.

आत्ता दुपारी घागरीला हळदकुंकू लावत होते आणि लाईट आली. तुम्ही हाक मारलीत. मोबाईलमधून नाही, समोरून, तुमच्या जागेवरून. मी चप्पल काढली, शिडीला धरून खड्ड्यात उतरले. आत गार आहे, तुरीचा वास आहे. वर लाल दिवा लागला आणि पदराला बांधलेला माझा मोबाईल थरथरला, खड्ड्यात माणूस आहे, मशीन बंद. तुमचा आवाज थांबला. मी वर बघून म्हटलं, "शे, नाना." कोणी थोबाडीत मारली नाही. मी बराच वेळ तिथेच बसले होते, लहान पोरीसारखी रडले, आणि मग गुडघे दुखायला लागले म्हणून वर आले.

हे लिहितेय ते बारदानाच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर, आणि पाठवायचं कुठे ते काही मला सुचत नाही. मी वर आल्यापासून तुम्ही पुन्हा विचारायला लागलात. अजून विचारताय. हिरवं बटण माझ्यापासून चार पावलांवर आहे, पण ते दाबायचं म्हणजे इथे कोणी नाही असं तुम्हाला सांगायचं. आणि एक सांगून टाकते. सुट्टीच्या दिवशी हाक बंद ठेवता येत नाही, मशीनच तसं आहे, असं मी अक्कांना, मुलाला, सगळ्यांना सांगितलंय. येते बंद करता, नाना. मोबाईलवर एक बोट फिरवलं की होतं.