नोंद क्रमांक ११७ मधील बुडालेला खलाशी

प्रति,
मा. अभिरक्षक,
किनारपट्टी हस्तविणकाम संग्रह (डिजिटल विभाग),
तिसरा मजला, बेलापूर, नवी मुंबई.

अर्जदार : शमा अझहर नाखवा, रा. पनवेल, जि. रायगड.

विषय : संग्रहातील लोकरी स्वेटर (नोंद क्र. ११७) ज्यांनी विणला त्यांना तो संगणकावर मोठा करून पाहू देणे, तसेच त्यांच्या पतीस नोंदीत समुद्रात बुडालेले दाखवले आहे ते दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे यापूर्वीचे सहा अर्ज. (पोहोच फक्त दुसऱ्याची मिळाली.)

महोदय,

सहाव्या अर्जाचे उत्तर न आल्यामुळे हा सातवा सादर करीत आहे. आधीचे अर्ज थोडक्यात होते. या वेळी सर्व हकिगत पहिल्यापासून लिहिते, म्हणजे जुनी फाईल सापडली नाही तरी आपली अडचण होणार नाही.

१. खातूनबी महमूद नाखवा, वय ७९, या माझ्या सासूबाई. माझे सासरे महमूद इब्राहिम नाखवा हे बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकीत. त्या काळी आमच्या मोहल्ल्यातले बरेच पुरुष बोटीवर जात. येताना थंड मुलखातून लोकरीचे गोळे आणीत आणि बायका पुढच्या फेरीसाठी त्यातून स्वेटर, कानटोपी, हातमोजे विणीत. पनवेलच्या उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन बसणाऱ्या बायकांना बाहेरचे लोक हसत असत, असे सासूबाई सांगतात.

२. सन १९६१ मध्ये सासूबाईंनी सासऱ्यांसाठी एक निळा स्वेटर विणला. त्यांचे माहेर उरण. माहेरी जाता-येता वाटेत मिठागरे लागत. ते चौकोन, मधले बांध आणि बांधाच्या कोपऱ्यात पाणी सोडायला ठेवलेली फट, हे सगळे त्यांनी सुलट-उलट टाक्यांत बसवले. सपाट जागी सुलट टाके, बांधाला उलट, आणि कोपऱ्यात दोन टाके एकत्र करून पुन्हा एक वाढवायचा, म्हणजे तिथे बारीक भोक राहते. या विणीला मोहल्ल्यात ‘मिठागर’ म्हणत. आपल्या संकेतस्थळावर मात्र ‘नमुन्याचे मूळ : बहुधा स्कॉटलंड’ आणि ‘विणणारी व्यक्ती : अज्ञात’ असे नमूद आहे. ती अज्ञात व्यक्ती आत्ता माझ्यासमोर पलंगावर बसून, अर्जात काय काय लिहिलेस ते वाचून दाखव म्हणते आहे.

३. सन १९९७ मध्ये आपल्या कार्यालयाचे सर्वेक्षक मोहल्ल्यात आले होते. ‘तुमच्या वस्तू जपल्या जातील आणि तुमच्या नातवंडांना कधीही पाहता येतील,’ असे त्यांनी सांगितल्यावर चौदा घरांनी पेट्या उघडल्या. आमच्या घरून हा स्वेटर गेला. सासरे तेव्हा हयात होते. सर्वेक्षकांना चहा त्यांनीच दिला, आणि स्वेटर घडी घालून त्यांनीच हातात ठेवला. ही बाब पुढे महत्त्वाची आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

४. सन २०१२ मध्ये हा संग्रह संगणकावर आणल्याचा समारंभ पनवेलमध्ये झाला. मोहल्ल्यातल्या बायकांना पहिल्या रांगेत बसवून फोटो काढले. ‘आजपासून हा वारसा आपल्या बोटाच्या टोकावर आहे,’ असे भाषणात सांगितले गेले. सभागृहाच्या दारात बोटाने चालणारा पडदा बसवला होता. तो सव्वा महिना चालला. नंतर त्यावर कापड घालून दोरी बांधली. चौकशी केली असता किल्ली बदली झालेल्या साहेबांकडे राहिल्याचे समजले.

५. घरच्या संगणकावर संकेतस्थळ उघडते, पण चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसते. मोठे चित्र फक्त नोंदणीकृत संशोधकांना दिसते. नोंदणीचा अर्ज इंग्रजीत आहे. त्यात संस्था, पदनाम आणि विद्यापीठाचे पत्र मागितले आहे. पदनामाच्या जागी मी ‘गृहिणी’ लिहिले तेव्हा अर्ज पुढे सरकेना. म्हणून आपल्या कार्यालयात फोन केला. उचलणाऱ्या बाईंनी विचारले, “तुम्ही संशोधक आहात का?” मी म्हटले, “नाही, ज्यांनी स्वेटर विणला त्यांची सून आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “सून म्हणून लॉगिन नसतं हो.” त्यांचा राग नाही. त्यांनी नियम सांगितला. पण महोदय, हा नियम केला तेव्हा सून, मुलगी, नात यांच्यापैकी कुणाचा विचार कुणाच्या मनात आला होता का, हे कळल्यास बरे होईल.

६. आता हे चित्र आम्हाला कशासाठी हवे, ते सांगते. दर शनिवारी आमच्या घरी नऊ बायका विणकामाला बसतात. मोहल्ल्यातल्या सहा, आणि शिरढोणहून येणाऱ्या मनिषाताई व त्यांच्या दोन जावा. सासूबाई शिकवतात. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. हात सुधारला, पण मिठागराचा कोपरा हातातून गेला. बांधापर्यंत सुया झरझर चालतात आणि कोपरा आला की थांबतात. आधी वाढवायचा की आधी एकत्र करायचे, कितव्या ओळीला, हे त्यांना आठवत नाही. तीनदा विणून तीनदा उसवले. शेवटी सुया खाली ठेवून म्हणाल्या, “माजा स्वेटर एकदा दाखवा मना. बगितला का येल.” ही वीण येणारी दुसरी बाई मोहल्ल्यात उरलेली नाही.

७. म्हणून गेल्या नोव्हेंबरात त्यांना घेऊन मी बेलापूरला आले. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढायला त्यांना पाऊण तास लागला. वर आल्यावर कळले की संगणकावर आलेल्या वस्तू आता कपाटाबाहेर काढत नाहीत, कारण त्या पाहण्यासाठीच तर संगणक आहे. आणि संगणकावर पाहायचे तर संशोधक असावे लागते. आम्ही जिन्यात बसून होतो. तेव्हा आपले सहायक श्री. अविनाश यांनी आपली खुर्ची सासूबाईंना दिली आणि स्वतःच्या टेबलावरचा पडदा त्यांच्याकडे वळवून स्वेटर मोठा करून दाखवला. (त्यांच्यावर कारवाई करू नये, ही विनंती. केलीच तर त्यात माझाही जबाब घ्यावा.)

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून टाके मोजू लागल्या. सुलट बारा, उलट तीन, सुलट बारा. आवाज मोठा झाला होता. आजूबाजूचे कर्मचारी येऊन उभे राहिले. आणि बोट कोपऱ्यापाशी आले तेव्हा तिथे आपल्या संग्रहाची गोल मोहोर होती. चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चित्रावर छापतात ती. ती नेमकी कोपऱ्यावर. सासूबाई अविनाश यांना म्हणाल्या, “बेटा, ह्यो शिक्का जरा उचल ना.” त्यांना वाटले वर ठेवलेला आहे. मोहोर काढलेले चित्र मिळण्यास आपली सही लागते आणि आपण दौऱ्यावर आहात, असे अविनाश यांनी मान खाली घालून सांगितले. सहीसाठीचा अर्ज त्याच दिवशी दिला. तो माझा चौथा.

८. त्याच दिवशी पडद्यावर चित्राखालचा बारीक अक्षरांतला मजकूरही मी प्रथमच पूर्ण वाचला. तो असा : ‘अशा विशिष्ट विणींवरून समुद्रात बुडालेल्या खलाशाचे शव ओळखले जाई. हा स्वेटर वापरणारा खलाशी महमूद इ. सन १९६२ मध्ये एडनजवळ बुडाला.’

महोदय, १९६२ मध्ये एडनच्या बंदरात स्वेटर बुडाला. सासऱ्यांनी तो धुऊन कठड्यावर वाळत घातला होता, वाऱ्याने पाण्यात पडला आणि त्यांनी आकड्याने ओढून काढला. हा किस्सा त्यांनी स्वतः चहा देताना सर्वेक्षकांना सांगितला. सर्वेक्षकांनी वहीत ‘१९६२, एडन, बुडाला’ एवढेच लिहिले असावे, आणि पुढे कुणीतरी ते वाचून स्वेटराऐवजी माणूस बुडवला. शव ओळखण्याबद्दल सासूबाईंचे म्हणणे शब्दशः देते : “आमी मर्दान्ला ऊब यावी म्हनून विनायचो. मुडदा वळकायला कोन विनतंय?”

९. ही चूक कागदावरची आहे असे आपल्या कार्यालयाने फोनवर सांगितले. कागदाबाहेर काय झाले ते सांगते. माझे पती अझहर यांचा जन्म १९६६ चा आहे. आपल्या नोंदीप्रमाणे त्यांचे वडील त्याच्या चार वर्षे आधी बुडाले. जानेवारीत एका निकाहात कुणीतरी मोबाईलवर आपले संकेतस्थळ काढून हा मजकूर मोठ्याने वाचला आणि वर्षांचा हिशेब केला. चार जण हसले. सासूबाई ताटावरून उठल्या. तेव्हापासून त्या कुणाच्या कार्यात गेलेल्या नाहीत. सासरे २००३ मध्ये इथेच, या घरात, मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. शेवटची चार वर्षे सासूबाईंनी त्यांचे सगळे केले. त्या म्हणतात, “मी येकदाच रांड झाले. सरकारी कागदात दुसऱ्यांदा नको करू मना.” हा शब्द अर्जात शोभत नाही हे मला समजते. तो गाळण्याची परवानगी त्यांनी दिली नाही.

१०. दुरुस्तीसाठी पाचव्या अर्जासोबत सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर आपल्या कार्यालयाचे एकमेव लेखी उत्तर आले : ‘सदर दाखल्यातील व्यक्ती सन २००३ मध्ये मयत झालेली असून, नोंद क्र. ११७ मधील व्यक्ती सन १९६२ मध्ये मयत आहे. सबब दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध होत नाही.’ हे उत्तर मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. सहाव्या अर्जात मी विचारले होते की माणूस १९६२ नंतर जिवंत होता हे सिद्ध करण्यास कोणता दाखला चालेल. शिधापत्रिका आहे, १९७९ ची बोटीवरून निवृत्तीची चिठ्ठी आहे, मुलगा आहे. त्याचे उत्तर अद्याप नाही.

११. मार्चमध्ये मी वाट पाहणे सोडले. जासईच्या गोदूबाई घरत तरुणपणी पनवेलच्या बाजारात भाजी विकायला येत आणि दुपारी आमच्या ओट्यावर टेकत. तिथेच त्यांनी सासूबाईंकडे बघून बघून विणायला शिकून घेतले होते. त्यांच्या सूनबाई सुनीता यांना मी फोन केला. सासूची पेटी उपसून त्यांनी १९७४ चा एक लहान मुलाचा स्वेटर शोधला, तो दारातल्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला. टाके मोजता यावेत म्हणून शेजारी काडेपेटी ठेवली होती. दोन बोटांनी चित्र मोठे करून मी सासूबाईंपुढे धरले.

त्यांनी बराच वेळ पाहिले. मग एकदम चिडून म्हणाल्या, “गोदूनी कोपरा चुकवलाय! आदी वाडवायचा नाय, आदी येकत्र करायचे! सांगितला होता तिला!” मग सुया मागितल्या. संध्याकाळच्या नमाजाच्या आत कोपरा पुरा झाला. फोनवर गोदूबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, “बरा झाला मी चुकली ते. बरोबर केला असता त म्हातारीला कायच आठवला नसता.” मग फोन सासूबाईंच्या हातात दिला. दोघी चाळीस वर्षांनी एकमेकींशी बोलत होत्या आणि दोघींनाही ऐकू कमी येते, त्यामुळे सगळ्या आळीने ते ऐकले.

१२. त्यानंतर आम्ही काही ठरवले नव्हते, आपोआप झाले. सुनीताताईंनी फोटो नातेवाइकांना पाठवला. उरण, उलवे, शिरढोण, जासई येथून पेट्यांतल्या वस्तूंचे फोटो येऊ लागले. आजपर्यंत एकाहत्तर वस्तू झाल्या. मनिषाताईंनी त्या एका साध्या पानावर मराठीत लावल्या आहेत. प्रत्येकीखाली विणणारीचे नाव आहे. जिथे ती हयात आहे तिथे तिच्या आवाजात टाके सांगितलेले ऐकू येतात. पाहायला संशोधक असावे लागत नाही. चित्रावर मोहोर नाही. दुबईहून एका बाईंचा फोन आला, एका फोटोत त्यांनी आईच्या हातची वीण ओळखली होती, आणि बोलताना त्या रडल्या. असे काही करणे शक्य आहे हे आम्हाला आपल्याच समारंभातल्या भाषणाने कळले, त्याबद्दल आभार.

१३. हा अर्ज इथवर लिहिल्यावर गेल्या शुक्रवारी आपल्या कार्यालयाचे पत्र आले. सहा अर्ज गेले त्या पत्त्यावरून, पण माझ्या अर्जांचा त्यात उल्लेख नाही. आमच्या ‘स्तुत्य उपक्रमाची’ दखल घेऊन संग्रहाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी या एकाहत्तर मूळ वस्तू कार्यालयात जमा कराव्यात आणि छायाचित्रांचे हक्क विनाअट लिहून द्यावेत, असे कळवले आहे. ते पत्र शनिवारी मी सर्व बायकांना वाचून दाखवले. सासूबाईंनी विचारले, “आता त्यान्ला चहा कोन देनार? देनारा त बुडाला ना.”

१४. तरी विनंती की,
(अ) महमूद इब्राहिम नाखवा यांना पाण्याबाहेर काढण्यात यावे;
(ब) विणणाऱ्या व्यक्तीच्या जागी खातूनबी महमूद नाखवा आणि नमुन्याच्या जागी ‘मिठागर, उरण-पनवेल’ असे लिहावे;
(क) मोठे चित्र, मोहोरेशिवाय, सर्वांना पाहता येईल असे ठेवावे.

वस्तू जमा करण्याबाबत सर्वांच्या वतीने कळवते की एकही पेटी उघडणार नाही. आपले अधिकारी आले तर त्यांना ओट्यावर बसवू, वस्तू हातात देऊ, हवे तेवढे फोटो काढू देऊ. जाताना हात मोकळे असावेत. आणि शनिवारी आले तर एक विनंती, येताना सुया आणाव्यात. सासूबाईंना कोपरा आता पाठ आहे आणि त्या कुणालाही शिकवतात, पदनाम न विचारता.

आपली, अद्याप नम्र,

(सही)
शमा अझहर नाखवा

(डाव्या अंगठ्याचा ठसा)
खातूनबी महमूद नाखवा, विणणारी

पनवेल, दि. १८ जून २०१५

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, पुन्हा एकदा (छायांकित प्रत).
२. मुलाचा जन्मदाखला, सन १९६६ (छायांकित प्रत).
३. मिठागर विणीचा नवा नमुना, चार कोपऱ्यांसह, लोकर निळी. हाताळण्यास हरकत नाही.