अवधूतची बुधवारची वेळ

३ नोव्हेंबर, सोमवार
कोरमंगलातल्या समुपदेशन केंद्रात रुजू झालो. खोली हवेशीर, कॉफी उत्तम. पुण्यात समुपदेशक घडवले, इथे त्यांना सावरायचं; म्हणजे वैद्यांचा वैद्य. केंद्र चालवणाऱ्या नीलिमाअक्का जुन्या बेंगळुरूकर. त्यांनी लगेच बजावलं की सर, संस्कृत स्वल्प कमी करा, मुलं घाबरतात. स्वल्प हेही संस्कृतच, हे मी गिळलं.

४ नोव्हेंबर
पहिली काळजी शाल्मली. नागपूरची, अजून शिकाऊ. तिच्याकडे दर बुधवारी येणाऱ्या अवधूतनं, मारतहळ्ळीतल्या इंजिनिअरनं, गेल्या महिन्यात आयुष्य संपवलं. तुझी चूक नाही, हे सगळ्यांनी सांगून झालंय. ती ‘हो सर’ म्हणते, पावती फाडल्यासारखं. रडत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
आमच्या पेशात रीत आहे, माणूस आला नाही तरी त्याची वेळ संपेपर्यंत बसून राहायचं. शाल्मली अजून बसते. मीच सुचवलं, आज शेवटचं बस, रिकाम्या खुर्चीला निरोप दे; बिनपाण्याचं तर्पण समज. ती किंचित हसली. बाहेर येऊन म्हणाली, तो निरोप घेत नाहीये.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पुन्हा बसली. म्हणे, आज तो बराच बोलला. नवे सर सुतकातल्या भटजीसारखे दिसतात, म्हणाला. मी हसलो. मी आलो तेव्हा तो नव्हताच, हे जिन्यात लक्षात आलं. थट्टा तिचीच असेल. असावी.

१४ नोव्हेंबर
शाल्मली जेवत नाही. अक्कांनी तिच्या आईला बोलावून तिला घरी पाठवलं. तिच्या समुपदेशनाच्या खोलीला कुलूप.

२० नोव्हेंबर
नागपूरहून तिच्या आईचा फोन. काल, बुधवारी, पोरगी रिकाम्या खुर्चीसमोर बसली होती. खुर्चीची गादी दबलेली, आईनंही पाहिली. शाल्मलीचं म्हणणं, इथे केंद्रात कोणी बसलं नाही म्हणून तो तिकडे आला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
कुलूप काढलं. तिच्या खुर्चीत मी. तिला कळवलं, आजची वेळ माझी, तू झोप.

समोरची गादी दबली. भीती नाही. काहीच वाटत नाही —

ती का नाही आली, विचारतो. सांगितलं नाही.

वेळ संपली म्हणालो. उठत नाही —

तिच्या आईचा निरोप, पोटभर जेवली, झोपली. बरं.

दार कुठल्या बाजूला होतं — असो. त्याला बोलत ठेवायचं. तो इथे आहे तोवर ती —