उणे तीस अंशांत नाचणारी हरणं

लेक नोरा, मिनेसोटा
नाताळाच्या आदल्या आठवड्यातला सोमवार

ती. अर्डिसताई यांस,

नॉर्वलचा, एकावर एक दोन हातमोजे चढवून लिहिलेला नमस्कार (अक्षर वाकडं दिसलं तर कारण हातमोजे, वय नव्हे). तुमचा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाचं ऊन त्याला मानवतंय असं ऐकलं. परवा तिकडे गारवा होता म्हणून तुम्ही स्वेटर घातलात, हेही कळलं. काळजी घ्या.

इथे तसं ठीक आहे. पारा कालपासून उणे तीसच्या वर यायला तयार नाही, श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, आणि पत्रपेटी उघडायला गेलो तर तिचं झाकण हातात आलं, पण वाईट म्हणण्यासारखं काही नाही. लव्हॉन तुमच्याकडे सुखात असेलच. तिची मला काळजी नाही. फोनवर मी विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, ‘मजेत.’ ताई, तुम्ही तिची सख्खी बहीण, तुम्हाला माहीत आहे की ही बाई आजवर कधी मजेत नव्हती. ती फार तर ‘बरं चाललंय’ असते. आपल्या माणसांत ‘मजेत’ म्हणणारा एक तर खोटं बोलत असतो किंवा त्याला आपली गरज उरलेली नसते. या दोहोंपैकी कोणतं, या विचाराने मला दोन घास जात नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचा नाताळ दोन ठिकाणी होणार आहे, आणि हे नक्की कोणी ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही आलास. तर दिव्यांमुळे. अंगणातली ती दिव्यांची हरणं, दिव्यांचं चर्च आणि गाण्याच्या तालावर उघडझाप करणारं झाड तुम्ही फोटोत पाहिलंच आहे. लोक रस्त्याकडेला गाडी लावतात, रेडिओवर आम्ही सोडलेलं गाणं लावतात आणि काचा बंद ठेवून बघतात. यंदा पाद्रीबुवांनी प्रार्थनेनंतर जाहीर करून टाकलं की नॉर्वलचे दिवे बघायला सगळ्यांनी जावं. लोकांना वाटतं सगळं कौतुक हरणांचं. पण हरणं नाचतात ती गॅरेजच्या भिंतीला लावलेल्या एका प्लास्टिकच्या खोक्यामुळे. त्यात एक कंट्रोलर आहे, दोन पॉवर सप्लाय आहेत, आणि या तिघांनाही थंडी अजिबात सोसत नाही. (लव्हॉनसारखीच गत. तिची बोटंही डिसेंबरात आखडतात. तुम्ही बोलावलंत हे बरंच केलंत, असं मी रोज स्वतःला सांगतो.)

पहिली थंडी पडली त्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. थोड्या वेळाने एका हरणाचा मागचा एक पाय उजळला. बाकीचं हरीण अंधारात. शेजारचा क्लेटन कुंपणाशी उभा राहून कॉफी पीत होता. तो म्हणाला, ‘वेगळंच आहे.’ तुम्हाला ठाऊक आहे, ‘वेगळंच आहे’ हे आपल्याकडे कोणी कौतुकाने म्हणत नाही. मी चिडून खोकं भिंतीवरून काढलं आणि घरात आणलं. इथेच माझं चुकलं. लव्हॉन लेफ्सेच्या बटाट्याच्या पोळ्या लाटत होती, शेगडी तापलेली, स्वयंपाकघर उबदार. खोकं तिथे ठेवताच त्याला आतून बाहेरून घाम फुटला. गार पाण्याच्या ग्लासाला फुटतो तसा, पण हा ग्लास विजेचा. मी ते केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं, समाधान मानलं आणि परत बाहेर लावलं. आत कुठेतरी राहिलेलं पाणी बाहेर जाताच गोठलं आणि ब्रेकर पडला. मग मी पुन्हा आत आणलं. पुन्हा घाम. असं दोनतीनदा झाल्यावर लव्हॉन म्हणाली, ‘त्याला एका जागी राहू दे की रे, माणसाचासुद्धा जीव जाईल.’ मी ऐकलं नाही. मी तिचं विजेवर तापणारं पांघरूण नेऊन खोक्याला गुंडाळलं. त्या रात्री ती लोकरी मोजे घालून झोपली. मला तेव्हा ते बरं लक्षण वाटलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. लव्हॉनला फोनवर दिलेलं तुमचं निमंत्रण दोघांना होतं. लव्हॉनने जेवताना मला विचारलं, ‘येतोस का बरोबर?’ मी म्हटलं, ‘नको, मी कशाला, तू जा.’ आता, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायला मी काही बाहेरून आलेला माणूस नव्हे. तुमच्या आईंनी कॉफीचं विचारलं की तिसऱ्यांदा विचारेपर्यंत आम्ही सगळे नको म्हणत घसा कोरडा करून बसायचो, तेव्हा कुठे कप हातात यायचा. दोन दिवसांनी तिने कपडे भरताना पुन्हा विचारलं, ‘खरंच येत नाहीस?’ मी म्हटलं, ‘छे, उगाच तिकिटाचा खर्च.’ आणि मनात ठरवून टाकलं की तिसऱ्यांदा विचारलं की जायचं. माझी उन्हाळी विजार मी गादीखाली इस्त्रीला घालून ठेवली होती, ताई. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

निघायच्या दिवशी तिला विमानतळावर मी सोडणार होतो. वाट लांबची. गाडीत मी आणि ती, ती सहज विचारेल, मी सहज हो म्हणेन, असा माझा हिशेब. पण आदल्या संध्याकाळी खोकं फारच गारठलं होतं, आणि खोक्याचा सोडला तर गॅरेजच्या बाहेर प्लग एकच. त्यात रात्री इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या हीटरची तार लावलेली असते. मी विचार केला, एका रात्रीने गाडीचं काय बिघडतंय. हीटरची तार काढली आणि पांघरुणाची लावली. इथे जन्म काढलेल्या माणसाने असं करावं याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. सकाळी गाडीने एकदा कण्हून मान टाकली. क्लेटनने आपला ट्रक आणला, लव्हॉनची बॅग उचलली आणि म्हणाला, ‘सोडतो मी, मला काय कामं आहेत.’ (पहिल्यांदा म्हटल्यावर लव्हॉन नको म्हणाली, दुसऱ्यांदाही म्हणाली, तिसऱ्यांदा बसली. क्लेटनला तीनदा विचारायला सुचतं.) ती खिडकीची काच खाली करून माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात क्लेटन म्हणाला, ‘थंडी आत येतेय’, आणि काच वर गेली. ती काय म्हणणार होती? मी यावर इतका विचार केला आहे की डोकं दुखतं. ती विचारणार होती की सांगणार होती की शेगडी बंद कर?

बरं, दिव्यांचं पुढे झालं ते ऐका. पांघरुणाच्या उबेला एका उंदरीण बाईंनी खोक्यात संसार थाटला. तार आत घेतो त्या भोकातून शिरल्या, आणि पांघरुणातला कापूस काढून गादी केली. मला त्यांना हाकलायला जड गेलं, पण त्या तारा कुरतडत होत्या. अखेर सगळं उपसलं, पांघरूण धुऊन घडी करून पलंगावर लव्हॉनच्या बाजूला ठेवलं, आणि खोक्यात जुन्या तऱ्हेचा, तापणारा एक छोटा बल्ब लावून दिला. आता खोकं रात्रंदिवस चालूच ठेवतो. बंदच केलं नाही तर ते गारठत नाही, आत आणलं नाही तर त्याला घाम फुटत नाही. पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला भोक ठेवलं, त्याला जाळी लावली. काल तर हरणांनी सगळी गाणी न अडखळता नाचून दाखवली. रस्त्यावर वळणापर्यंत गाड्या. एका बाईने काच खाली करून सांगितलं, ‘वाईट नाही हो.’ याहून मोठी शाबासकी या जिल्ह्यात कोणी देत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं, कारण लव्हॉन तिथे उभी असते. खिडकीत मी लावून ठेवलेला दिवा होता आणि बाकी काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं, ताई. हे लिहून टाकतो, कारण बोलायला मला जमणार नाही.

असो. तर दिवे सोडून मला हलता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या हिरव्यागार अंगणाला, गुडघ्याला आणि लव्हॉनला माझा नमस्कार सांगा. मी इथे मजेत आहे.

आपला,
नॉर्वल

ता. क. वर ‘मजेत’ लिहिलं आहे ते तसंच राहू द्या, लव्हॉनला वाचून दाखवा.

ता. क. दुसरा. दिवे सोडून हलता येत नाही, हे तितकंसं खरं नाही. क्लेटन म्हणतो की खोक्याला आता कोणी हात लावला नाही तर ते मार्चपर्यंत चालेल, आणि गावात त्याला हात लावणारा मी एकटाच आहे, म्हणून मी गेलो तर दिव्यांचं भलंच होईल. हे त्याने मला एकदाच नव्हे, तीनदा सांगितलं.

ता. क. तिसरा. लव्हॉनला तिसऱ्यांदा विचारायला मी सांगू शकत नाही, कारण सांगून विचारलेलं धरत नाहीत. पण तुम्ही मला स्वतः अजून एकदाही विचारलेलं नाही, म्हणजे तुमचं पहिल्यापासून सुरू होईल, आणि टपालाने तीन फेऱ्या होईपर्यंत नाताळ उलटून जाईल. म्हणून तुमच्या पहिल्या दोन विचारण्यांची उत्तरं आगाऊ सोबत पाठवत आहे: नको ताई, उगाच त्रास कशाला. आणि, नको, खरंच नको, तुमच्याकडे आधीच पाहुणे. आता उरलेलं एक तेवढं फोनवर विचारा. मी फोनजवळच बसलो आहे.