खिळ्यावरची उष्टी रोटी

मी, रोबिया, सुतार याकूब यांची विधवा, वय वर्षे ऐंशी, राहणार तुतीची गल्ली, जुने शहर, बुखारा, आज सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसे या गल्लीतून केव्हाच उठून नव्या इमारतींत राहायला गेली. जी कबरस्तानात गेली त्यांचे दडपण अजून आहे, पण ते कायद्यात धरत नाहीत. मजकुराबाबत नोटरीबाईंनी मला काही शिकवू नये. त्या शाळेत पाढे म्हणत होत्या तेव्हापासून मी त्याच कचेरीत बसून लोकांची मृत्युपत्रे टंकत होते.

कलम एक: घर. आमच्यात राहते घर धाकट्या मुलाचे, म्हणून हे घर, अंगण आणि अंगणातले तुतीचे झाड मी इक्रोम याला देते. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. हे शेवटचे वाक्य लिहायला मला सबंध उन्हाळा लागला, तेव्हा कोणी ते घाईने वाचू नये.

गिऱ्हाईक ठरलेले आहे. शेजारच्या होसियतबीबीचा नातू तोलिब. आजी गेल्यावर त्याने तिच्या घराचे हॉटेल केले, मग पलीकडचे घर घेतले, मग समोरचे. मधल्या भिंतींना दारे पाडली. आता आख्ख्या गल्लीचे एकच घर झाले आहे आणि मधे मी घशात अडकलेल्या काट्यासारखी. परदेशी पाहुणे चाकांच्या बॅगा ओढत येतात आणि चुकून माझी कडी वाजवतात. दर वेळी मी उठते. इक्रोमची बायको दिलराबो म्हणते, "ओया, बसा हो, पर्यटक असेल." पर्यटकच असतो. तरी ओया म्हणजे आई, आणि आई म्हणून मला उठावे लागते.

तोलिबबद्दल माझी तक्रार घरे घेतल्याची नाही. लोकांनी आपल्या पायांनी जाऊन विकली. वर चढायला लिफ्ट आणि नळाला गरम पाणी मिळाले, तर मीही तिशीत गेले असते. माझी तक्रार त्या खोलीची आहे, जिथे होसियतबीबीचा तंदूर होता. ती बाई त्या खोलीत कोणाला जोडे घालून येऊ देत नसे. आता तिथे न्हाणीघरासकट पाहुण्यांची खोली आहे.

मागच्या हिवाळ्यात तोलिब सकाळीच दारात उभा. "रोबियाखाला, रागावू नका, पण तुम्ही पहाटे पीठ थापता का?"

"हे हात बघ. यांना चहाचा पेला धरवत नाही."

"नाही, त्या खोलीतले पाहुणे म्हणतात, भिंतीतून आवाज येतो. धप, धप. दोघे जण खोली बदलून गेले."

"मग तुझी आजी असेल. तंदूर कुठे नेलात म्हणून शोधत असेल बिचारी."

"खाला, चेष्टा नका हो करू."

"चेष्टा कसली? मला तर ती गेल्यापासून ऐकू येतं. मी म्हटलं, बघू या, पठ्ठ्या विचारायला कधी येतो."

त्या दिवसापासून तोलिबने ती खोली भाड्याने द्यायची सोडली. तिथे चादरी ठेवतो. चादरी काढायला स्वतः जात नाही.

कलम दोन: वस्तू. याकूबची छिन्नी, रंधे आणि करवती इक्रोमला. तो शाळेत भूगोल शिकवतो, त्याला त्यांचा उपयोग नाही. पण बापाची हत्यारे बाजारात गेलेली मला चालणार नाहीत. समोवार आणि गाद्यांची पेटी दिलराबोला. बिडाची कढईही तिलाच, पण ती कशासाठी ते पुढे लिहिते. माझी मैत्रीण ओयपोशो हिने माझी निळी चहादाणी नेली आहे. ती तिच्याकडेच राहू दे. म्हातारी मरेपर्यंत टोमणे मारायला मला काहीतरी हवे होते, ते पुरेसे वापरून झाले.

आता कलम तीन, म्हणजे रोटी.

माझा थोरला मुलगा नईम १९८३च्या शरदात फौजेत गेला. मुलगा निघताना रोटीचा एक घास तोडून खातो आणि उरलेली उष्टी रोटी आई भिंतीला टांगते. आला की त्याने ती संपवायची. तोवर दुसऱ्या कोणी तिला दात लावायचा नाही. ही रोटी होसियतबीबीच्या तंदुरातली, इतकी गरम की त्याची जीभ पोळली. खिळा याकूबने ठोकला. नईम तोंडात घास घेऊनच म्हणाला, "ओया, उरलेली मी आल्यावर. इक्रोमवर लक्ष ठेव, मेला अधाशी आहे." इक्रोम तेव्हा सहा वर्षांचा होता. तो रडला.

दुसऱ्या वसंतात अफगाण सरहद्दीवरून जस्ताची शवपेटी आली. चारी बाजूंनी वितळल्या धातूने सांधून बंद. उघडायची नाही, असा हुकूम, आणि हुकमासोबत दोन शिपाई. गल्लीने नमाज पढली, पेटी पुरली, वर नईमचे नाव कोरले. सगळ्यांनी मान्य केले. याकूबनेही. पहिल्या गुरुवारी संध्याकाळी त्याने चुलीवर कढई चढवली, तेल तापवले आणि नईमच्या नावाने पातळ पोळ्या तळायला घेतल्या. त्या वासावर आमचे गेलेले लोक घरी येतात, आपली आठवण आहे एवढे बघतात आणि जातात. मी ती कढई अंगणात उलटी केली. फरशीवरचा डाग अजून आहे, तोलिबला घासूनही निघणार नाही. त्यानंतर याकूब आणि मी पुष्कळ वर्षे एका छताखाली राहिलो. त्याच्या घरातला मुलगा मेलेला होता, माझ्या घरातला नव्हता.

त्या पेटीत कोण आहे, हे मला माहीत नाही. कोणीतरी आहे. कुठल्यातरी गावात एखादी बाई खिळ्याकडे बघत बसली असेल आणि तिचा मुलगा इथे माझ्या मुलाच्या नावाखाली झोपला असेल. त्याला मी पाहुणा म्हणते. त्याच्या कबरीवरचे गवत मी काढते. आणि गुरुवारी दिवस मावळताना आमच्या दाराबाहेर कोणीतरी येऊन उभे राहते. फटीतून येणारा उजेड अडतो, दार उघडले तर गल्ली रिकामी. तो उंबरा ओलांडत नाही. नईम असता तर सरळ आत आला असता, बूटसुद्धा न काढता. हा परका आहे, आणि परक्या घरात बोलावल्याशिवाय येऊ नये, हे त्याला कोणीतरी नीट शिकवले आहे. त्याच्या आईचे मला फार वाटते.

म्हणून दिलराबो, ऐक. घर विकून घ्याल त्या नव्या फ्लॅटमध्ये ही कढई दर गुरुवारी चढव. याकूबसाठी, होसियतबीबीसाठी, मग माझ्यासाठी. एक पोळी पाहुण्यासाठी आणि तेव्हा मोठ्याने म्हण, "या, आत या." नाव घेऊ नकोस, ते आपल्याला ठाऊक नाही. शेजारी वासाची कुरकुर करतील, त्यांनाही एकेक पोळी दे. खिडकी उघडी ठेव. इतक्या उंचावर त्यांना येता येते की नाही, मला सांगता येत नाही. होसियतबीबीला तर जिन्याचा कंटाळाच होता. नईमच्या नावाची पोळी मात्र तळायची नाही.

मला याकूबशेजारी नको, पाहुण्याच्या दुसऱ्या अंगाला दफन करावे. याकूब पहिल्या अंगाला त्याला मुलगा समजून झोपला आहे, त्याला त्याचा मुलगा मिळाला. पाहुण्याला इथे आई नाही.

परवा ओयपोशो आठव्या मजल्यावरून उतरून, टॅक्सी करून, दमत दमत आली. साक्षीदार म्हणून सही करायची तर आधी भांडण करायलाच हवे. म्हणाली, "रोबिया, आता तरी म्हण गं, गेला म्हणून. एकदा म्हण आणि सूट."

"सुटून जाऊ कुठं? तुझ्या आठव्या मजल्यावर?"

"अगं, आला तरी आता त्याला कोण ओळखणार आहे? मी नाही, तू नाही."

"रोटी ओळखेल," मी म्हटले. मग आम्ही दोघी रडलो आणि ती जाताना माझी साखरदाणीही घेऊन गेली.

आता मी घर विकायला हरकत का नाही म्हटले, ते लिहिते. जुलैमध्ये इक्रोम फ्लॅट पाहून आला. हातात खरबूज होते. दार करकरले की मी आधी खिळ्याकडे बघते आणि मग आलेल्या माणसाकडे, ही माझी खोड आहे. त्या दिवशीही तसेच झाले. त्याने खरबूज ओट्यावर ठेवले आणि आवाज न चढवता म्हणाला, "ओया, मीही रोज याच दारातून आत येतो. चाळीस वर्षं झाली. एकदा तरी दार वाजलं की इक्रोम आला, असं वाटू दे ना." मग तो नळावर हात धुवायला गेला आणि फार वेळ धूत राहिला. कलम एक हे माझे उत्तर आहे. बाळा, तू जा. लिफ्टने वर जा, बायकोला गरम पाणी मिळू दे. तुझ्या घराला खिळा नसू दे.

पण नईमला फ्लॅटचा पत्ता ठाऊक नाही. त्याला हे दार ठाऊक आहे, त्याच्या बापाने कोरलेले. तो आला तर इथेच येणार. विकल्या घरावर घातलेल्या अटींचे काय होते, ते मी कचेरीत पाहिले आहे. नवा मालक कुलूप बदलतो आणि अट वाऱ्यावर जाते. तेव्हा कायद्याचा नाद सोडून मी तोलिबलाच बोलावले.

त्यानेही हॉटेलच्या खोल्याखोल्यांत शोभेला उष्ट्या रोट्या टांगल्या होत्या. मी विचारले होते, "या कोणी रे चावल्या?" तर म्हणाला, "मीच, खाला. थोड्या स्वयंपाक्याने. पाहुण्यांना आवडतं, फोटो काढतात." मी म्हटले, "ज्यानं घास घेतला त्याला ती रोटी परत बोलावते. मेल्यावर कुठल्या कुठल्या खोलीत यायचं ठरवलंयस, मूर्खा?" तेव्हा तो हसला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या खोल्यांत नुसते खिळे होते.

बोलावल्यावर तोलिब आला तेव्हा मी नईमची रोटी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खाली उतरवली. कौलासारखी कडक, पण दातांच्या खुणा तशाच. त्याचा हात त्यावर ठेवला.

"म्हण."

"काय म्हणू, खाला?"

"तुझी आजी शपथ घेताना म्हणायची ते."

त्याने ओठ ओले केले. "हे दार काढलं, हा खिळा उपटला, दारात आलेल्याला परत पाठवलं, तर ही रोटी मला बाधो."

त्याच क्षणी भिंतीपलीकडून, चादरींच्या खोलीतून, आवाज आला. धप. आम्ही दोघांनी ऐकला. तोलिब पांढराफटक पडला, आणि मला बरे वाटले. आता अट पक्की झाली. साक्षीला त्याची आजी आहे.

तोलिब, तू हे पाठ कर. पोरगा शोधू नकोस. तो आता साठीकडे झुकला असेल, टकला असेल, आपली बोली विसरला असेल. त्याच्याजवळ बॅग नसेल. त्याला पासपोर्ट मागू नये. खोली शिल्लक नाही, असे सांगू नये. खिळ्याखाली बसायला जागा द्यावी, चहा द्यावा आणि गप्प राहावे. न सांगता त्याने रोटीकडे हात नेला, तर इक्रोमला फोन करावा.

रोटी मी कोणालाही देत नाही. ती माझी नाही. ती नईमची आहे, मी फक्त राखली. माझ्यानंतर ती त्याच खिळ्यावर राहील.

हे सर्व मी वाचले, मला मान्य आहे, आणि याउपर मला काही बदलायचे नाही.

सही: रोबिया

साक्षीदार: ओयपोशो, पूर्वी राहणार तुतीची गल्ली, हल्ली आठवा मजला.
साक्षीदार: शम्सी, पूर्वी गल्लीतला चहावाला, हल्ली तोलिबच्या हॉटेलातला चहावाला.

बुखारा, गुरुवार, १९ ऑक्टोबर २०२३.

वारसांना मान्य:
इक्रोम, धाकटा मुलगा: (सही केली)
नईम, थोरला मुलगा:

नोटरीबाई, कागदावर कोरी जागा राहिली की तिच्यावर आडवी रेघ मारायची असते, हे मला माहीत आहे. त्या कचेरीत आयुष्यभर मीच मारत आले. या जागेवर मारू नका.